इराण्याच्या खुर्चीचा हिशोब

इराण्याच्या हॉटेलावर मराठीत इतकं लिहून झालंय, की त्यातले शब्द आता आपोआप येतात: संगमरवरी टेबल, काळ्या गोल पाठीच्या खुर्च्या, बिस्किटांच्या बरण्या, भिंतभर आरसे, बशीतला चहा. या यादीत जागेचं भाडं सहसा नसतं. खरं तर इराणी उभा राहिला भाड्याच्या जोरावर आणि बसला तोही भाड्यापायी. ब्रून मस्क्याची, म्हणजे कडक पाव-लोण्याची, चव बिघडली म्हणून बंद पडलेला इराणी निदान मला तरी माहीत नाही.

मुळात तो विकत काय होता? चहा, पाव, अंडी, खिमा तर होताच. पण गिऱ्हाइक तिथे यायचं ते टेकायला. गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं राहत. खानावळीत जेवण मिळे, पण ताट उचललं की उठावं लागे. इराण्याकडे एका चहात अर्धा-पाऊण तास पंख्याखाली बसता येई, टेबलावर पडलेला पेपर वाचता येई, गावाकडून आलेल्या माणसाशी जमिनीच्या वाटणीचं बोलणं करता येई. जात कोणी विचारत नसे. बायका-मुलांसाठी आत लाकडी पार्टिशनची फॅमिली रूम असे. वीस-पंचवीस पैशांत चहा मिळायचा त्या काळात शहरातली सगळ्यात स्वस्त भाड्याची जागा म्हणजे ही खुर्ची होती, आणि ती पाऊण तासापुरती का होईना, आपली असायची.

मालकाला हे नीट कळत होतं. मुंबईत धोबी तलावला असलेल्या बास्तानी या इराण्याकडच्या सूचनांच्या पाटीची आजवर भरपूर थट्टा झाली. मोठ्याने बोलू नका, केस विंचरू नका, पत्ता विचारू नका, सुटे पैसे मागू नका, जुगाराची चर्चा नको, पाय खुर्चीवर नको, फार वेळ बसू नका. विक्षिप्तपणा म्हणून आपण ती वाचतो, पण धंद्याच्या नजरेने वाचली तर तिची जवळपास प्रत्येक ओळ खुर्चीच्या आणि गल्ल्याच्या वेळेची राखण करते. आरशासमोर केस विंचरणारा माणूस वाट अडवतो. पत्ता विचारणारा गल्ला अडवतो. जुगाराचे आकडे लावत बसणारे चौघे एका चहावर दोन तास काढतात. जागा स्वस्त, म्हणून बसू द्यायचं. पण इतकंही नाही की दुसऱ्याला बसायला मिळू नये. हा तोल सांभाळण्यात मालकाचा अख्खा दिवस जायचा.

बाकीची मांडणीही त्याच कामाची होती. कोपऱ्यावरच्या दुकानाला हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ते इराण्यांना स्वस्तात मिळाले, ही कथा सगळीकडे सांगितली जाते. असेलही. पण कोपऱ्याचे सरळ फायदे बघितले, तर शुभाशुभाच्या गोष्टीची गरज उरत नाही. दोन रस्त्यांवर दोन दारं, दोन्हीकडून उजेड आणि वारा, ट्रामच्या थांब्यावरून नजरेत येणारी जागा. गल्ला नेमका दोन दारांच्या मधल्या कोनात. तिथे बसल्या बसल्या मालकाला दोन्ही रस्ते दिसत, आणि पाठीमागची टेबलं आरशात दिसत. आरसे खोली मोठी दिसावी म्हणून लावलेत असं आपल्याला वाटतं. त्यांचं पहिलं काम पहारा देण्याचं.

बिल कागदावर नसे. गिऱ्हाइक उठून गल्ल्याकडे निघालं की वेटर टेबलापासूनच आकडा ओरडून सांगे. पुढच्याने बारा आणे, मागच्या टोपीवाल्याने सव्वा रुपया. गर्दीच्या वेळी एकामागून एक चार आकडे आले, तरी मालकाच्या डोक्यात ते टोपी, छत्री, चष्मा अशा खुणांसकट बसत. केकचाही असाच प्रकार. न मागता एका बशीत मावा केक, पॅटिस, खारी आणून ठेवायची. खाल्लं तेवढं मोजायचं, उरलेली बशी पुढच्या टेबलावर. आरोग्याच्या आजच्या कल्पनेत हे बसणार नाही, आणि बसूही नये. पण विक्रीची युक्ती म्हणून ती जबरदस्त होती. चहापुरते पैसे घेऊन आलेला माणूस समोरचा केक किती वेळ बघत बसेल?

ही माणसं आली इराणच्या यझ्द आणि केरमान भागातून, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. बरेचसे झरतुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माचे, होते. पण यझ्दकडचे शिया मुसलमानही होते, आणि त्यांचीही हॉटेलं होती. पारशी हजार-बाराशे वर्षं आधी येऊन गुजराती झालेले, तर हे घरात दरी ही बोली नाहीतर फारसी बोलणारे नवे लोक. १८७०च्या सुमारास इराणात भीषण दुष्काळ पडला होता. झरतुष्ट्र्यांवरचा जिझिया कर १८८२मध्ये उठला, तोही मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातारियांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केल्यावर. हातात भांडवल नाही, भाषा नाही, पण अंगमेहनत आणि एकमेकांवरचा भरवसा आहे, अशा चार-पाच जणांनी भागी करून एक दुकान काढायचं, ही सुरुवात. भागीदार आळीपाळीने गल्ल्यावर बसत. पुढे याच भागीदारीने घात केला, पण ते नंतर.

आता वस्तूंकडे वळू, कारण त्यांच्याबद्दल बोललं खूप जातं आणि सांगितलं कमी जातं.

ती काळी खुर्ची व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटच्या १८५९च्या चौदा नंबरच्या खुर्चीच्या घराण्यातली. बीच जातीचं लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं आणि साच्यातच वाळू द्यायचं. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, इतकीच ती खुर्ची. सुटी करून भरली तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत, म्हणून ती बोटीने जगभर स्वस्तात गेली. आपल्याकडच्या कित्येक खुर्च्यांच्या बैठकीखाली पोलंड किंवा चेकोस्लोव्हाकियाचा शिक्का असतो. जुन्या बाजारात घ्यायची असेल तर आधी उलटी करून बघावी. मागचे पाय आणि पाठ यांचा एकच सलग तुकडा असतो. तिथे जोड दिसला, तर पाय कधीतरी मोडून बदललेला आहे.

खिळखिळी होते ती मागच्या पायाच्या स्क्रूपाशी. माणूस मागे रेलतो तेव्हा सगळा भार त्या एका भोकावर येतो, आणि भोक मोठं होतं. गल्लीतला सुतार तिथे खिळा ठोकतो, आणि वाकवलेलं जुनं बीच धाग्याच्या दिशेने उभं चिरतं. योग्य दुरुस्ती म्हणजे भोकात लाकडाची खुंटी सरसाने बसवून, ती चोवीस तास वाळू देऊन, नवं बारीक भोक पाडून स्क्रू फिरवणं. वेताची बैठक असेल तर वेत अर्धा-पाऊण तास पाण्यात भिजवूनच विणावा लागतो: दोन थर उभे, दोन आडवे, मग दोन तिरपे, शेवटी कडेची पट्टी. कोरडा विणला तर घडीवर तडकतो. बहुतेक इराण्यांनी हे प्रकरण परवडेना म्हणून भोकंवाला प्लायवूड बसवला, आणि आता तोच प्लायवूड ‘अस्सल’ म्हणून विकला जातो.

संगमरवराचं टेबल थंड लागतं आणि फडक्याच्या एका हातात साफ होतं, म्हणून ते आलं. त्याचा शत्रू लिंबू. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड. लिंबाचा, व्हिनेगरचा किंवा सोड्याचा ओघळ राहिला की चकाकी खाऊन पांढुरका डाग पडतो. तो डाग मळाचा नसतो, खड्ड्याचा असतो. कितीही घासला तरी जात नाही, दगड नव्याने पॉलिश करावा लागतो. जुन्या टेबलांवर ग्लासाच्या बुडाएवढी वर्तुळं दिसतात ती याचीच. खिमा आला की लिंबाची फोड आलीच, आणि सोबत लालभडक रासबेरी सोडा: पालनजीचा, नाहीतर ड्यूकचा. ड्यूक १९९४मध्ये पेप्सीने घेतलं, आणि ती बाटली हळूहळू टेबलावरून गेली.

चहाकडे येऊ. इराण्याचा चहा घरी जमत नाही अशी तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: आपण पत्ती दुधात उकळतो. दुधातलं प्रथिन चहातल्या तुरट द्रव्याला धरून ठेवतं. चहा जड होतो, पण त्याला धार येत नाही. इराण्याकडे काढा वेगळा आणि दूध वेगळं. दोन्ही कपातच भेटतात. त्यामुळे एकाच पातेल्यातून कोणाला कडक, कोणाला दुधाळ, कोणाला ‘पानी कम’ असं कपागणिक देता येतं.

चार कपांसाठी सहाशे मिली पाणी उकळायला ठेवा. उकळी फुटली की पंधरा ग्रॅम बारीक दाणेदार सीटीसी पत्ती आणि आठ चमचे साखर घाला (कमी चालेल, पण मग तो इराण्याचा नाही). गॅस अगदी बारीक करा, घट्ट झाकण ठेवा, पंधरा मिनिटं हात लावू नका. गाळून साडेचारशे मिलीच्या आसपास काढा उरायला हवा. शेजारी तीनशे मिली म्हशीचं दूध ढवळत ढवळत सव्वादोनशेपर्यंत आटवा. साय धरू द्यायची नाही, नाहीतर कपात तिचे तुकडे तरंगतात. कपात आधी काढा, मग दूध: नेहमीच्या चहाला दोन भाग काढा आणि एक भाग दूध, पानी कमला निम्मं-निम्मं. मोठ्या आचेवर खळखळ उकळलेला काढा कडू होतो पण दाट होत नाही. केलेला काढा दोन तासांहून जास्त ठेवला तर काळपट, मेलेला लागतो, आणि गार झाला तर गढूळ होतो. इराण्याकडे तो दिवसभर ताजा राहतो, कारण तिथे सारखा संपतो. म्हणजे ही चव रेसिपीइतकीच गर्दीचीही असते. दुपारी तीनला रिकाम्या इराण्याकडे प्यालेला चहा आणि सकाळी सातला प्यालेला चहा यांत फरक का पडतो, त्याचं उत्तर इथे आहे.

मस्क्याबद्दल एकच गोष्ट. जुन्या पिढीला आठवणारी मस्क्याची चव बहुतेकदा पोल्सन या लोण्याची असते. पोल्सन आंबवलेल्या सायीपासून बनायचं आणि चांगलं खारट असायचं. अमूलचं ताज्या सायीचं लोणी बाजारात आलं, तेव्हा लोकांना ते बेचव वाटलं होतं. तेव्हा ‘पूर्वीचा मस्का’ शोधायचा असेल, तर ताजं घरचं लोणी घेऊन उपयोग नाही. किंचित आंबट सायीचं लोणी काढून त्यात शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम मीठ मळावं लागेल.

ब्रून मात्र घरी कठीण. लादी पाव आणि ब्रून यांची कणीक जवळपास सारखीच. फरक पडतो तो भट्टीत. लादीचे गोळे एकमेकांना चिकटून ठेवतात, त्यामुळे कडा मऊ राहतात. ब्रूनचे गोळे सुटे ठेवतात, चारी बाजूंनी आच लागते, आणि ते जास्त वेळ आत राहतात. भट्टी म्हणजे विटांचा बुटका घुमट. लाकडं आतच पेटवायची, घुमट तापला की निखारे बाजूला ओढायचे, फरशी ओल्या फडक्याने पुसायची, आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून माल आत सरकवायचा. नंतर भाजलं जातं ते विटांत साठलेल्या उष्णतेवर. ती उष्णता हळूहळू उतरते, म्हणून मालाचा क्रम ठरलेला असतो: कडक आचेत पाव आणि ब्रून, ती उतरली की केक आणि खारी, शेवटच्या कोमट भट्टीत नानकटाई आणि टोस्ट. एकाच इंधनात इतक्या प्रकारचा माल निघतो. भट्टी एकदा पूर्ण गार पडली तर पुन्हा तापायला इतकं लाकूड आणि वेळ जातो, की बेकरीवाले ती सहसा विझू देत नाहीत.

घरच्या ओव्हनमध्ये करायचाच असेल, तर एक किलो मैद्याला सहाशे मिली पाणी, वीस ग्रॅम मीठ, दहा ग्रॅम साखर, वीस ग्रॅम तूप किंवा तेल आणि सात ग्रॅम सुकं यीस्ट. बारा-पंधरा मिनिटं मळून दीड-दोन तास झाकून ठेवा, ऐंशी ग्रॅमचे गोळे करा, पाऊण तास फुगू द्या, वर एक चीर द्या. २३० अंशांवर बारा मिनिटं, खाली उकळत्या पाण्याची थाळी ठेवून. मग थाळी काढून २०० अंशांवर आणखी बारा-पंधरा मिनिटं, आणि ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवून दहा मिनिटं आतच. शेवटचा भाग लोक टाळतात. वरून तांबूस दिसला की पाव बाहेर काढतात, तेव्हा आतली ओल हळूहळू सालीत येते आणि तासाभरात ब्रूनचा बन होतो. दूध किंवा अंडं वरून फासलं तरी तेच. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तरी तेच. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत तर काही केलं तरी तेच, म्हणून सकाळचा ब्रून दुपारपर्यंत संपवायचा आणि उरलेल्याचे काप करून पुन्हा भट्टीत घालायचे.

आता हिशोब. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण प्रमाण धंद्यातल्या कोणालाही पटेल असं आहे. समजा बाराशे चौरस फुटांची जागा, साठ खुर्च्या. दिवसाचे बारा तास सरासरी निम्म्या भरलेल्या, आणि प्रत्येक गिऱ्हाइक पाऊण तास बसतं. म्हणजे दिवसाला चारशे ऐंशी माणसं. आजच्या भावाने माणशी ऐंशी रुपये बिल धरलं, तर दिवसाचा गल्ला ३८,४०० आणि सव्वीस दिवसांचा साधारण दहा लाख. त्यातले पस्तीस टक्के कच्च्या मालाला, पंचवीस पगाराला, दहा गॅस-वीज-पाणी-फूटतूट यांना. उरले तीन लाख. दक्षिण मुंबईत मोक्याच्या कोपऱ्यावर चौरस फुटाला महिना तीनशे रुपये भाडं धरलं, तर जागेचे होतात तीन लाख साठ हजार. मालकाने स्वतःचा पगार न घेताही महिना साठ हजारांचा तोटा.

मग इतकी वर्षं चाललं कसं? कायद्यामुळे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, लागू झाला ३१ मार्च २०००ला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. २०००मध्ये पाचशे रुपये भाडं असलेल्या जागेचं पंचवीस वर्षांनी तेराशे तेहतीस रुपये होतं. वरच्या हिशोबातले तीन लाख साठ हजार काढून तिथे तेराशे लिहा, म्हणजे पाऊण तास बसू देणारा मालक इतका उदार का होता ते कळतं. ती उदारता खरी होती, पण तिचा खर्च घरमालक उचलत होता. हे वाक्य कठोर वाटेल. घरमालकाच्या बाजूने मात्र कोणी ललित लेख लिहिलेला नाही, म्हणून एवढं म्हणून ठेवतो.

त्याची किंमत इमारतीने दिली. इतक्या भाड्यात मालक गळकं छप्परही दुरुस्त करत नाही. भाडेकरूने स्वतः करायचं म्हटलं, तर घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणं हे जागा खाली करून घेण्याचं कारण ठरतं. सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरली नाही, हेही कारण ठरतं. मग काय होतं? स्वयंपाकघर तसंच राहतं, पोटमाळ्याला टेकू लागतात, ओल भिंतीत चढते, आणि आपण त्याला ‘काळ थांबलेली जागा’ म्हणतो. काळ थांबलेला नव्हता, परवानगी थांबलेली होती.

नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि बाहेर पडायची वाट सोपी झाली. भाडेकरू आपला हक्क विकतो, संमतीसाठी घरमालक साधारण तिसरा हिस्सा घेतो, उरलेली रक्कम भागीदारांत वाटली जाते. इथे ती भागीदारी आठवा. चार भागीदारांच्या तिसऱ्या पिढीत बारा-पंधरा वारस झालेले असतात. काही टोरांटोत, काही सिडनीत, एखाद-दुसराच गल्ल्यावर. हॉटेल चालू ठेवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला महिना काही हजार, विकलं तर एकरकमी लाखो. नव्या फ्रिजसाठी पंधरा जणांच्या सह्या मिळवणं कठीण आणि विक्रीसाठी सोपं. गल्ल्यावरच्या त्या एकाला आपण ‘का बंद केलंत हो?’ असं विचारतो, तेव्हा त्याला हे सगळं सांगायचा कंटाळा येतो, आणि तो ‘मुलांना इंटरेस्ट नाही’ म्हणून मोकळा होतो.

इमारत पुनर्विकासाला गेली तर वेगळं मरण. नव्या टॉवरमध्ये तेवढंच क्षेत्रफळ मिळतं, पण कोपरा मिळेल असं नाही, दोन दारं तर नाहीच. चार-पाच वर्षं गाळा बंद, तेवढ्यात गिऱ्हाइकाचे पाय दुसरीकडे वळलेले. आणि चाळीस मजल्यांच्या इमारतीच्या पायथ्याशी लाकडाची भट्टी आणि तिचं धुराडं कोण बांधू देईल?

उडप्याने हाच हिशोब वेगळ्या रीतीने सोडवला. माटुंग्याला १९४२मध्ये सुरू झालेल्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगपासून पुढे या मंडळींचा भर जेवणावर आणि डोशावर राहिला: खुर्चीमागे बिल मोठं, बसणं कमी, पुढे तर उभ्याने खायची टेबलं. गिऱ्हाइक वीस मिनिटांत बाहेर. इराण्यांपैकी ज्यांनी बिल वाढवायचं ठरवलं ते बहुतेक बिअर बार झाले. खुर्ची तीच, वेळही तोच, पण टेबलावर चहाऐवजी बाटली आली, की तोच पाऊण तास परवडतो. जुनी गिऱ्हाइकं हळहळली, पण त्या मालकांना दोष देता येत नाही.

आणि मग आल्या नकला. लंडनमध्ये २०१०मध्ये डिशूम निघालं, आपल्याकडे २०१३पासून सोडाबॉटलओपनरवाला. सजावट अभ्यासून केलेली असते, खाणंही वाईट नाही. डिशूमची रांग तर प्रसिद्धच आहे. खुर्च्या, आरसे, पाट्या, बरण्या, अगदी सूचनांची यादीसुद्धा उचललेली. उचलता येत नाही ते भाडं. नकली इराण्यात फक्त चहा मागवून पेपर वाचत बसलात, तर दहाव्या मिनिटाला कोणीतरी अदबीने ‘और कुछ सर?’ विचारून जातं. तिथल्या पाटीवर ‘फार वेळ बसू नका’ हा विनोद आहे. बास्तानीत तो नियम होता, आणि तरीही लोक बसत.

बास्तानी २००४मध्ये बंद झालं. समोर जेर महालात १९०४चं कयानी अजून आहे, थोडं पुढे १९१३चं ससानियन. ग्रँट रोडच्या बी. मेरवानने २०१४मध्ये बंद होणार म्हणून जाहीर केलं, गर्दीने मावा केकसाठी रांगा लावल्या, पेपरांत श्रद्धांजल्या छापून आल्या, आणि मग दुकान दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. बॅलार्ड इस्टेटचं १९२३चं ब्रिटानिया चालू आहे. पण तो दुपारच्या जेवणाचा, बेरी पुलावचा धंदा, हिशोब वेगळा. पुण्यात डेक्कनच्या कोपऱ्यावर १९३५चं गुडलक गजबजलेलं आहे, आणि जवळच असलेलं लकी फक्त पुणेकरांच्या पत्ता सांगण्यात उरलंय. गुडलकमध्ये सकाळी जाऊन बघा, टेबलावर दुसऱ्या अनोळखी माणसाबरोबर बसवतात. खुर्च्या भरण्याचं प्रमाण निम्म्यावरून ऐंशी-नव्वद टक्क्यांवर गेलं की वरचा हिशोब किती बदलतो, ते कागदावर करून पाहण्यासारखं आहे.

सध्याची अडचण भट्टीची. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जाण्याचा आदेश दिला. हा आदेश चुकीचा म्हणवत नाही; बऱ्याच भट्ट्यांत जुनं फर्निचर आणि प्लायवूड जळतं, आणि रंग-सरसाचा तो धूर वस्तीतच उतरतो. गॅसवर किंवा विजेवर जाताना ब्रून वाचवायचा असेल, तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पत्र्याच्या भट्टीत उष्णता साठत नाही, म्हणून आत दगडी किंवा विटांची फरशी असलेली घ्यावी. पंख्याने हवा फिरवणारी भट्टी साल लवकर धरते आणि ब्रून फुगायच्या आत कडक करते, तेव्हा पहिली दहा मिनिटं पंखा बंद ठेवून वाफ सोडावी. आणि जुन्या भट्टीची उतरती आच बटणावर उतरवावी: २४०ला सुरू, १९०ला शेवट. विटांच्या जुन्या घुमटालाच बाजूने गॅसचा बर्नर जोडणं हा सगळ्यात स्वस्त आणि चवीला जवळचा उपाय, फक्त त्यासाठी पाइप गॅसचं कनेक्शन लागतं, आणि पडीक इमारतीत ते मिळवायला पुन्हा घरमालकाची संमती.